दार पूर्ण उघडेल एवढी जागा

पांढुर्णा जिल्हा वयानं अजून अंगणवाडीतला आहे. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा आणि सौसर हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे निघाले आणि मध्य प्रदेशात हा नवा जिल्हा तयार झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, नवी दुकानसंकुलं, नवे दवाखाने आणि त्या प्रत्येकासमोर गाड्या लावायची जागा. त्या जागेत लेकरू घेऊन आलेल्या आईबापांसाठी दोन-चार पट्टे वेगळे आखावेत, एवढीच मागणी आहे. त्यासाठी जगभरातून आणि आपल्याच गावशिवारातून माहितीची ही गाठोडी बांधून आणली आहे. बरीचशी मजेदार आहे आणि सगळी कामाची आहे.

जवळची नव्हे, रुंद

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे नातवंडाला सांभाळायला गेलेल्या आजी-आजोबांना तिथल्या सुपरमार्केटच्या वाहनतळावर एक चित्र हमखास दिसतं. जमिनीवर रंगवलेलं मोठं माणूस, त्याच्या शेजारी छोटं माणूस, नाहीतर बाबागाडी. ही जागा लेकरू बरोबर असणाऱ्यांची. बहुतेक वेळा ती दुकानाच्या दाराजवळ असते, म्हणून सगळ्यांना वाटतं की चालणं वाचावं यासाठीच ती दिली आहे. खरी सोय मात्र तिच्या रुंदीत आहे.

कारण साधं आहे. मोठा माणूस दार अर्धवट उघडूनही अंग चोरून बाहेर पडतो. लेकराला सीटवरून उचलायचं तर आधी पट्टा सोडायचा, मग वाकून दोन्ही हात आत घालायचे, मग त्याला कडेवर घेऊन, डोकं कुठे आपटणार नाही हे बघत मागे सरायचं. तेही झोपलेलं असलं तर आणखी हळू. एवढ्या हालचालीला दार सताड उघडावं लागतं.

आता जरा टेप घेऊ. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मोटारीचा पट्टा २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब धरला आहे. १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा तिची रुंदी होती साधारण १.४ मीटर. अशा दोन गाड्या आपापल्या पट्ट्यात मधोमध उभ्या केल्या तर दोघींच्या मध्ये १.१ मीटर मोकळी जागा राहायची. आईनं लेकराला कडेवर घेऊन सरळ चालत बाहेर यावं एवढी. आजची स्कॉर्पिओ-एन १.९२ मीटर रुंद आहे. तशा दोन शेजारी उभ्या राहिल्या की मध्ये उरतात ५८ सेंटिमीटर, आणि त्यातही दोन्हीकडचे आरसे घुसलेले. पट्टा चाळीस वर्षं तेवढाच राहिला आणि गाडी अर्ध्या मीटरनं फुगली. लेकराची वाट या दोहोंच्या मध्ये चेंगरली.

दिव्यांगांसाठीच्या पट्ट्याची रुंदी आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांत ३.६ मीटर आहे. हे माप चाकाच्या खुर्चीसाठी ठरलं, आणि त्या जागेवर दुसऱ्या कोणाचा हक्क सांगणं चूकच. पण माप शिकण्यासारखं आहे. तेवढ्या रुंदीत दोन स्कॉर्पिओंच्या मध्येही पावणेदोन मीटरला थोडी कमी जागा मिळते, आणि बाबागाडी उघडून दाराशी उभी करता येते.

ब्रिटनमधली एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना नवल वाटायला लावते. तिथली दिव्यांगांची जागा कायद्यानं बांधलेली, तिचा निळा बिल्ला सरकारी. लेकरांच्या जागेला मात्र तसा कायदा नाही. ती दुकानदारानं आपल्या जमिनीवर, आपल्या मर्जीनं दिलेली सोय आहे. किती वर्षांचं मूल चालेल, हेही दुकानच ठरवतं. अनेक ठिकाणी बारा वर्षांपर्यंत. बारा वर्षांचा मुलगा स्वतः दार उघडून धावत सुटतो, त्याला रुंद पट्टा कशाला, यावरून तिथे वर्षानुवर्षं वाद झडतात. माझं मत विचाराल तर ज्या लेकराला उचलून काढावं लागतं, त्याच्यासाठीच ही जागा असावी.

कायदा करणारे देश

इटलीनं २०२१ मध्ये वाहतूक कायद्यातच दुरुस्ती केली. गरोदर स्त्रिया आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलाचे आईबाप यांच्यासाठी नगरपालिकेला गुलाबी पट्टे आखता येतात, आणि त्या गाडीला गुलाबी परवाना मिळतो. दोन वर्षं ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. उचलून घ्यायचं वय तेच.

तैवाननं टक्केवारी ठरवून टाकली. बालकल्याणाच्या कायद्यातच कलम घातलं की सार्वजनिक वाहनतळांवरच्या २ टक्के जागा गरोदर स्त्रिया आणि सहा वर्षांखालची मुलं असलेल्या कुटुंबांसाठी राखायच्या. हा २ टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो आपल्या बाजारात वापरायचा आहे.

दक्षिण कोरियातल्या सोल शहरानं २००९ मध्ये फक्त बायकांसाठी गुलाबी रेघांच्या जागा केल्या होत्या. २०२३ मध्ये शहरानं विचार बदलला आणि त्या जागा कुटुंबाच्या केल्या. गरोदर बाई, तान्हं मूल घेतलेला कोणीही, म्हातारी माणसं, सगळ्यांना त्यात सामावून घेतलं. त्यामुळे लेकराला एकटा घेऊन निघालेला बापही त्यात आला. हे मला मनापासून आवडलं. सौसरच्या बाजारात रविवारी पोरीला गाडीवर पुढे उभी करून भाजीला आलेले बाप काही कमी दिसत नाहीत.

ओक्लाहोमाचा योगायोग

गाडी लावण्याचे पैसे आणि खरेदीची ढकलगाडी, या दोन्हींचा जन्म एकाच गावातला आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत १६ जुलै १९३५ ला जगातलं पहिलं पार्किंग मीटर बसलं. दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याच शहरातल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदारानं चाकांवरची टोपली आणली, म्हणजे आजच्या मॉलमधली ट्रॉली.

लोकांनी आधी तिच्याकडे पाठ फिरवली. तरुण बायका म्हणायच्या, आयुष्यभर बाबागाड्या ढकलल्या, आता दुकानातही तेच करायचं का? गोल्डमननं मग भाड्यानं माणसं आणली. त्यांनी गिऱ्हाइकासारखं दुकानात ट्रॉली ढकलत फिरायचं. ती बघून बाकीचे वळले. पुढे त्याच ट्रॉलीला लेकरू बसवायची घडीची जागा आली, आणि बाबागाडीसारखी दिसते म्हणून नाकारलेली वस्तू खरोखरच बाबागाडी झाली.

बाबागाडीचीही गंमत ऐका. १७३३ मध्ये इंग्लंडच्या विल्यम केंट या वास्तुकारानं ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या मुलांसाठी पहिली नावाजलेली बाबागाडी घडवली. ती माणसानं ढकलायची नव्हतीच. बकरी किंवा तसलंच छोटं जनावर जुंपून ओढायची होती! आपल्याकडे कोणी बकऱ्याला छोटी गाडी जुंपून पोरांना फिरवताना दिसला तर त्याला हसू नका, तो इंग्लंडच्या सरदारघराण्याच्या परंपरेत आहे.

घडी होणारी हलकी बाबागाडी मात्र खूप उशिरा आली. तिचा जनक ओवेन मॅक्लॅरन हा विमानाचा अभियंता. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यानं काम केलं होतं. मुलगी नातीला घेऊन आली, तिची ती जडशीळ गाडी बघून आजोबा कामाला लागले. उडताना विमानाची चाकं पोटात दुमडतात, तशी गाडीच दुमडायची असं त्यांनी ठरवलं. १९६५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. वजन तीन किलोच्या आत. आज नागपूरच्या मॉलमध्ये डिकीतून एका हातानं उघडली जाणारी प्रत्येक बाबागाडी या आजोबांच्या ऋणात आहे.

आपल्याकडे मोटार नाही, गाडी

आता पांढुर्ण्यात येऊ. इथे दिवाळीची मोठी खरेदी म्हटलं की शंभरेक किलोमीटरवरचं नागपूर. सौसरकरांना तेच आणखी जवळ. पण रोजचा बाजार गावातच, आणि रोजचं वाहन म्हणजे दुचाकी. कोणी नुसतं 'गाडी' म्हणालं की समजायचं, स्कूटर नाहीतर मोटारसायकल. एमपी २८ आणि एमएच ४० अशा पाट्या एकाच रांगेत, एकमेकींच्या हँडलात हँडल अडकवून उभ्या. त्यामुळे लेकरांच्या जागेचा विचार इथे मोटारीच्या दारापासून सुरू होऊन चालत नाही. तो स्टँडपासून करावा लागतो.

बाजारात गाडी लावणारी एखादी आई नीट बघा. पुढे पायदानावर तीन वर्षांचा मुलगा हँडल धरून उभा. मागे सीटवर थैली. गाडी थांबली. डबल स्टँड लावायचं तर गाडी दोन्ही हातांनी मागे खेचावी लागते, आणि मुलगा पायदानावर असताना ते जमत नाही. म्हणजे आधी त्याला उतरवायचं. पण उतरवायचं कुठे? डावीकडे दुसऱ्याची गाडी चिकटलेली, उजवीकडे वाहता रस्ता. साईड स्टँड लावावं तर गाडी डावीकडे कलते, मुलगा तिकडे झुकतो, आणि जमीन उताराची असली तर गाडी सरकायची भीती. शेवटी ती शेजारच्या दुकानाकडे बघून म्हणते, "भाऊ, याले जराशीक पकडा ना." दुकानदार गल्ला सोडून येतो, मुलाला उचलून ओट्यावर बसवतो, वर हातात एक गोळीही देतो. माणुसकी शिल्लक आहे म्हणून बाजार चालतो. पण लेकराला उतरवायला पाऊल ठेवण्याएवढी जागा असावी, हे काही दुकानदाराच्या चांगुलपणावर सोडायचं काम नाही.

महाराष्ट्राच्या त्याच २०२० च्या नियमावलीत दुचाकीचा पट्टा १ मीटर रुंद, २ मीटर लांब आहे. स्कूटरचं हँडल अंदाजे पाऊण मीटरचं. शेजारच्या हँडलपर्यंत उरतं वीतभर. त्यात मोठा माणूस उभा राहू शकत नाही, लेकराला उतरवणं तर दूरच.

दुचाकीवरच्या लेकरांसाठी कायदा काय म्हणतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढला आणि वर्षभरानं तो लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला गाडीवर नेताना त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षापट्टा हवा, डोक्याला मापाचं हेल्मेट हवं, आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये. पट्टा ३० किलो वजन पेलणारा असायला हवा. मोटारीसाठी २०१९ च्या दुरुस्तीनं सांगितलं की चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य सीट नसेल तर १,००० रुपये दंड.

आता हे नीट पाळणारी आई डोळ्यांसमोर आणा. गाडी थांबली की तिला मुलाचं हेल्मेट काढायचं आहे, पट्ट्याची कडी सोडायची आहे, त्याला खाली उतरवायचं आहे आणि मग स्टँड लावायचं आहे. म्हणजे कायदा पाळणाऱ्यालाच जागा जास्त लागते. नियम केला तसा जागेचा पट्टाही रुंद करायला हवा, नाहीतर बाजारात जाताना हेल्मेट आणि सुरक्षापट्टा घरीच राहणार.

सावली हीसुद्धा जागाच

ब्रिटनच्या वाहनतळाला पावसाची काळजी. आपल्याला उन्हाची. मे महिन्यात या भागात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला सहज जातो. उन्हात बंद उभ्या मोटारीत पहिल्या १० मिनिटांतच तापमान सुमारे १० अंशांनी चढतं. बाहेर ४२ असेल तर दहा मिनिटांत आत पन्नाशी पार. जी वाढ व्हायची ती बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच होऊन जाते. काच बोटभर खाली ठेवली तर चालतं, हा समज चुकीचा. त्यानं फारसा फरक पडत नाही. आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं.

म्हणून 'दोन मिनिटांत येतो' म्हणत झोपलेल्या लेकराला गाडीत ठेवून कोणीही, कधीही उतरू नये. हे ठळक अक्षरात प्रत्येक वाहनतळावर लिहायला हवं. पण लोक असं का करतात तेही समजून घ्यायला हवं. झोपलेल्या लेकराला अरुंद फटीतून काढणं कठीण, दुकान लांब, ऊन कडक, म्हणून मोह होतो. रुंद पट्टा दाराजवळ असला की तो मोहच उरत नाही. लेकरांच्या जागेचा हा सगळ्यांत मोठा उपयोग, आणि त्याची चर्चा सगळ्यांत कमी होते.

दुचाकीचंही तेच. तासभर उन्हात तापलेल्या काळ्या सीटवर उघड्या पायांचं लेकरू बसवून बघा, ते किंचाळतंच. त्यामुळे आपल्याकडच्या जागेचं माप मीटरात सांगून पुरत नाही, त्यात कडुनिंबही मोजावा लागतो. बाजारात एकच झाड असेल तर त्याच्याखालची जागा लेकरांची. सध्या तिथे बहुतेक ठिकाणी सगळ्यांत आधी आलेली गाडी दिवसभर उभी असते.

बंडीखालची झोळी

आईबाप कामात आणि लेकरू जवळ सावलीत, ही सोय आपल्या शिवारात फार जुनी आहे. सौसर-पांढुर्ण्याकडे कापसाची वेचणी लागली की धुऱ्यावरच्या बाभळीला किंवा उभ्या बंडीखाली लुगड्याची झोळी बांधलेली दिसते. जागा कशी निवडतात ते बघण्यासारखं आहे. सावली दुपारनंतर कुठे सरकेल याचा अंदाज घेतात. झोळी जमिनीपासून इतकी वर की मुंगी-किरडू लागू नये, आणि इतकी खाली की पडलं तरी लागू नये. वेचणीची ओळ झोळीपासून सुरू करतात आणि परत झोळीकडेच येतात. म्हणजे लेकराचं रडणं ऐकू येईल एवढंच अंतर. कुठल्याही वास्तुकाराला आराखडा काढताना हे तीन नियम पुरतील: सावली, उंची आणि हाकेचं अंतर.

सरकारलाही हे कळलं होतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद होती की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील तर एका बाईला ती सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. लेकरं सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे कायद्यात लिहिलं गेलं याचं मला फार मोल वाटतं.

कारखान्यांचा नियम त्याहून जुना. १९४८ च्या कारखाने कायद्यानं पन्नासहून अधिक बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ मध्ये ती संख्या तीसवर आणली. २०१७ ची प्रसूतिलाभ कायद्यातली दुरुस्ती आणखी पुढे गेली: पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर, आणि आईला दिवसातून चारदा लेकराला भेटायची मुभा. सौसरजवळ बोरगावला औद्योगिक वसाहत आहे, तिथे कामाला जाणाऱ्या बायकांनी हा आकडा पाठच करून ठेवावा.

आणि आता नागपूरचा एक धागा. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, नावही त्यावरूनच. कामगारांसाठी निवृत्तिवेतनापासून पाळणाघरांपर्यंतच्या सोयी करण्यात ही मिल देशात पुढे होती. सूत कातणाऱ्या आईचं तान्हं मिलच्याच आवारात सांभाळलं जायचं. २००२ मध्ये मिल बंद झाली आणि त्या जमिनीवर एम्प्रेस सिटी मॉल उभा राहिला. पांढुर्ण्याचं कुटुंब आज तिथे खरेदीला जातं तेव्हा ते अशा जमिनीवर गाडी लावतं, जिथे कामावर आलेल्या आईचं लेकरू कुठे राहील याचा विचार कित्येक दशकांपूर्वीच होऊन गेला होता. त्या जमिनीवर रुंद पट्टे तर शोभूनच दिसतील.

बर्थ आणि बुरूज

पांढुर्णा नागपूर–इटारसी मार्गावरचं स्टेशन, म्हणून रेल्वेचीही एक गोष्ट. मे २०२२ मध्ये मातृदिनाच्या दिवशी लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडून छोटा बेबी बर्थ बसवला गेला. दुमडून ठेवता येणारा, पडू नये म्हणून कडेला आडवा गज असलेला. प्रयोगच होता, पण दिशा अचूक. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, म्हणून जागाही मिळत नाही. रात्रभर आई बर्थच्या कडेवर अंग चोरून झोपते. फुकट तिकिटाची किंमत तिच्या कंबरेनं मोजली जाते.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात एसटीच्या स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आईसाठी 'हिरकणी कक्ष' असतात. रायगडावर दूध घेऊन गेलेली हिरकणी, दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्यासाठी अंधारात कडा उतरून गेली, आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधला ही कथा आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगतं. मध्य प्रदेशात सरकारी बस महामंडळ २००५ मध्येच गुंडाळलं गेलं, बस सगळ्या खासगी. म्हणून इथल्या बसस्टँडवर असा कक्ष कोणी काढायचा, तर तो नगरपालिकेनंच काढायला हवा. पांढुर्ण्याच्या स्टँडवर एक आणि सौसरच्या स्टँडवर एक. फार मोठी जागा लागत नाही. दार, पडदा, पंखा आणि टेकायला भिंत.

बैलांची रांग, पोरांची रांग

रांगेत उभं करण्याचं शास्त्र या भागाला पोळ्यानं शिकवलं आहे. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात तेव्हा दोन जोड्यांमध्ये माणूस आरामात फिरेल एवढी जागा सोडतातच, कारण शिंगांशी कोणी खेळत नाही. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. चाकांवरचे लाकडी बैल घेऊन पोरं रांग धरतात, सजावटीची बक्षिसं लागतात, मग घरोघर बोजारा मागत फिरतात. नागपूरकर भोसल्यांच्या दुसऱ्या रघूजीराजांनी १८०६ मध्ये हा सण सुरू केला असं नागपुरात सांगतात. काही असो, लेकराच्या हातातलं वाहन आणि त्याच्यामागे उभी आई, दोघांना मिळून एक जागा देणारा असा सण दुसरीकडे क्वचितच दिसेल. तिथे प्रत्येक बैलामागे एक मोठा माणूस उभा राहणार, हे गृहीत धरूनच रांग आखतात.

त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे एकमेकांवरची दगडफेक, असते. तिथे लेकरांना घेऊन जाऊच नये, एवढंच सांगून पुढे जातो.

सौसरजवळच्या जामसावळीची गोष्ट वेगळी. पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंताच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी दोन्ही राज्यांतून माणसं येतात, आणि कडेवर लेकरू नाही असं कुटुंब विरळा. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे 'हनुमान लोक'चं भूमिपूजन झालं. नवं काही उभं राहताना सोय करून घेणं सगळ्यांत स्वस्त पडतं. सिमेंट वाळण्याआधी रेघ हलवायला काही लागत नाही.

हिशेब

सोय केली तर इतरांच्या किती जागा जातील, हा प्रश्न पहिला येतो. म्हणून मांडून बघू. समजा बाजारात शंभर दुचाकींचा तळ आहे. तैवानचे २ टक्के घेतले तर लेकरांच्या जागा झाल्या दोन. प्रत्येकीची रुंदी १ मीटरऐवजी १.६ मीटर करू, म्हणजे गाडीशेजारी लेकरू उतरवून मोठ्या माणसाला उभं राहता येईल. दोन जागांना २ मीटरऐवजी ३.२ मीटर लागले. जास्तीचे गेले १.२ मीटर. म्हणजे शंभर गाड्यांतल्या दोन गाड्या कमी झाल्या, आणि बाजूला ०.८ मीटर जागा उरली.

मोटारींचा हिशेबही करून टाकू. पन्नास मोटारींच्या तळावर २ टक्के म्हणजे एक जागा. ती २.५ ऐवजी ३.६ मीटरची केली तर १.१ मीटर गेले. मोटारीच्या अर्ध्या पट्ट्यापेक्षा कमी.

खर्च म्हणाल तर पिवळ्या रंगाचा एक डबा, रेघ मारायची दोरी, आणि मराठी-हिंदी दोन्ही वाचणाऱ्यांना, किंवा काहीच न वाचणाऱ्यांनाही कळेल असं मोठ्या-छोट्या माणसाचं चित्र. जमीन सपाट हवी, साईड स्टँड रुतू नये म्हणून खाली फरशी किंवा काँक्रीट हवं, आणि उतरायची बाजू रस्त्याकडे नको, दुकानाकडे हवी. मुलाची मर्यादा इटलीसारखी दोन वर्षं धरा की आपल्या हेल्मेटच्या नियमासारखी चार, ते नगरपालिकेनं ठरवावं. मी चारच्या बाजूचा आहे, कारण पायदानावर उभं राहणारं लेकरू त्याच वयाचं असतं. सुरुवात कुठून करायची, तर लसीकरणाच्या दिवशी सरकारी दवाखान्यासमोरून. त्या दिवशी तिथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गाडीवर एक लेकरू असतं.